वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा: गोव्यात पहिल्यांदा सदर्न फ्राइड चिकन खाताना

सदर्न फ्राइड चिकनच्या, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पद्धतीने मैदा लावून तळलेल्या कोंबडीच्या, हॉटेलात पहिल्यांदा जाणार असाल, तर मेनू उघडण्याआधी एक प्रश्न विचारा: "ऑर्डर दिल्यावर तळता का? किती वेळ लागेल?" उत्तर "पंधरा-वीस मिनिटं" असं आलं तर निर्धास्त बसा. "पाच मिनिटांत आणतो" असं आलं, आणि हॉटेल अर्धं रिकामं असेल, तर तुकडे आधीच तळून गरम दिव्याखाली ठेवलेले असण्याची शक्यता जास्त. ऐन गर्दीत पाच मिनिटांत आलेली प्लेट चांगली असू शकते, कारण तेव्हा घाणा सतत उतरत असतो. दुपारी चारला आलेली तशी प्लेट मात्र चांगली असणं कठीण.

हा वेळ कुणाच्या आळसामुळे लागत नाही. हाडासकट मांडीचा तुकडा 160 ते 165 अंश सेल्सिअसच्या तेलात शिजायला 13 ते 16 मिनिटं घेतो. तंगडीला थोडी कमी लागतात, पंखाला आठ ते दहा. तेल जास्त तापवून हे उरकता येत नाही. 180 च्या पुढे गेलं की बाहेरचा मैदा तपकिरी होऊन करपायला लागतो आणि हाडालगतचं मांस कच्चंच राहतं. केंटकीतल्या कॉर्बिन गावात पेट्रोल पंपाला लागून खाणावळ चालवणारे, पुढे केएफसी उभारणारे हार्लंड सँडर्स याच अडचणीत होते. लोखंडी पॅनमध्ये चिकन तळायला त्यांना अर्धा तास लागायचा आणि रस्त्यावरचं गिऱ्हाईक तेवढं थांबायचं नाही. 1939 मध्ये त्यांनी प्रेशर कुकरमध्ये तेल घालून तळायला सुरुवात केली, आणि 1952 मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्यांच्या पद्धतीचं पहिलं फ्रँचायझी हॉटेल उघडलं. पुढे याच कामासाठी खास प्रेशर फ्रायर आले. त्यात मांस रसरशीत राहतं, पण आवरण पातळ आणि जरा मऊ होतं. उघड्या तेलात तळलेल्याला खडबडीत, कडक आवरण येतं. दोन्ही पद्धती खऱ्याच. माझा कौल उघड्या तेलाला. एक गोष्ट इथेच सांगतो: घरच्या प्रेशर कुकरमध्ये तेल घालून हा प्रयोग कधीही करू नका. त्याची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह पाण्याच्या वाफेसाठी बनवलेले असतात, तळणाच्या तेलासाठी नाहीत.

सदर्न म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं: व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया, लुइझियाना. 1824 साली छापलेल्या 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ' या पुस्तकातल्या पाककृतीत कोंबडीचे तुकडे, त्यावर मैदा आणि मीठ, आणि डुकराच्या चरबीत तळणं, एवढंच आहे. पाया आजही तोच आहे. हे चिकन नावारूपाला आणलं ते मुख्यतः तिथल्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींनी. यादवी युद्धानंतर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनावर बायका डोक्यावर ताटं घेऊन उभ्या राहत आणि गाडीच्या खिडकीतून प्रवाशांना तळलेली कोंबडी विकत. नंतर वर्णभेदाच्या काळात, वाटेतल्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नसायचा, तेव्हा बुटांच्या खोक्यात भरून नेलेलं हेच चिकन त्यांच्या प्रवासातलं जेवण होतं. मेनूवर "सदर्न" लिहिलेलं असतं तेव्हा त्यामागे ही सगळी माणसं उभी असतात, हे ठाऊक असलेलं बरं.

आता स्वयंपाकघरात काय चालतं ते नीट पाहू, कारण प्लेटमध्ये जे चुकतं त्याचं मूळ तिथे असतं.

साफ केल्यावर एक किलो ते सव्वा किलो भरणाऱ्या कोंबडीचे आठ तुकडे करतात: दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख, दोन छातीचे तुकडे. कातडी ठेवायची. गोव्यात नेमकी इथेच गोची होते. म्हापसा असो की फोंडा, चिकन सेंटरवर काही न सांगता कोंबडी घेतली तर कातडी सोलून, रश्शासाठी बारीक तुकडे करून हातात पडते. "स्किनसकट, आठ पीस" असं तोलायच्या आधी सांगावं लागतं. कातडीखालची चरबी तळताना वितळते, मांसाला आतून ओलावा देते, आणि कातडी मैद्याला धरून ठेवते. ती नसली की मैदा थेट ओल्या मांसावर बसतो आणि प्लेट टेबलावर येईपर्यंत आतल्या वाफेने नरम पडतो. म्हणून हॉटेलात विचारायचा दुसरा प्रश्न: "चिकन स्किनसकट आहे का?" नाही म्हणाले तर मी तिथे हाडाचे तुकडे मागवणार नाही, बोनलेस पट्ट्या मागवेन, त्या चार-पाच मिनिटांत तळून होतात आणि नरम पडायला तेवढा अवधी मिळत नाही.

मुरवण बटरमिल्कची. तिथलं बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा दाट असतं. आपलं ताक तुकड्याला चिकटून राहत नाही. एक किलो चिकनला 250 ग्रॅम दही आणि 100 ते 150 मिली पाणी घुसळून घेतलं की हवा तो दाटपणा येतो. त्यात 15 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे, एक चमचा मिरपूड आणि एक चमचा लाल तिखट. फ्रिजमध्ये आठ ते बारा तास. खरं काम मीठ करतं: ते आतवर जातं आणि शिजताना पाणी धरून ठेवायला मांसाला मदत करतं. दह्याचा आंबटपणा फक्त वरच्या थरापर्यंत पोचतो. तो थर चोवीस तासांपेक्षा जास्त मुरला तर पिठूळ लागतो, म्हणून "दोन दिवस मुरवलेलं" ही जाहिरात ऐकून मला काही विशेष वाटत नाही. आपल्या हवेत हे भांडं ओट्यावर ठेवायचं नाही, तासभरही नाही.

वरचं पीठ: 300 ग्रॅम मैदा, 60 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एक चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे मीठ, दोन चमचे मिरपूड, दोन चमचे काश्मिरी मिरचीची पूड, एक चमचा लसूण पावडर. यात मुरवणीतलेच तीन मोठे चमचे दह्याचं पाणी शिंपडून बोटांनी चोळायचं, म्हणजे पिठात बारीक गोळ्या तयार होतात. तळल्यावर दिसणारे ते खडबडीत सुळके याच गोळ्यांचे. तुकडा निथळून पिठात घालायचा आणि तळहाताने दाबायचा, नुसता घोळवायचा नाही. मग जाळीवर वीस मिनिटं ठेवायचा. या वेळात मैदा ओलावा शोषून चिकट होतो आणि तुकड्याला पकडतो. इथे घाई केली की पीठ तेलात सुटतं, तळाशी जळतं, आणि पुढच्या घाण्याला कडवट वास लागतो. पावसाळ्यात मैदा डब्यातच दमट होतो. चाळून घेतला नाही तर गुठळ्या कच्च्या राहतात.

तेल दोन लिटर, खोल कढईत निम्म्यापर्यंत. 175 अंशांवर तुकडे सोडायचे. थंड तुकडे पडताच ते 150 च्या आसपास उतरतं, मग आच वाढवून 160 ते 165 वर धरायचं. एका वेळी चारच तुकडे. आठ घातले तर तापमान खाली जातं आणि वर यायलाच तयार होत नाही. मग आवरण कडक होण्याऐवजी तेल पीत बसतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल चालतं. आपल्याकडचं घाण्याचं खोबरेल यासाठी नको: ते लवकर धुरावतं आणि त्याचा वास मिरपूड-लसणावर मात करतो. काढल्यावर कागदावर न ठेवता जाळीवर ठेवायचं. कागदावर खालच्या बाजूला वाफ कोंडते आणि पाच मिनिटांत तळ ओला होतो.

सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसला तर किमान 74 अंश दिसायला हवेत. छातीचा तुकडा तिथेच काढावा, नाहीतर दोरे सुटतात. मांडी आणि तंगडी मात्र 80 ते 85 पर्यंत न्यावी. त्यांच्यातले चिवट धागे त्या तापमानाला वितळतात आणि मांस हाडापासून सहज सुटतं. पहिल्यांदा काय मागवायचं याचं उत्तर इथेच आहे: मांडी. ती दोन-तीन मिनिटं जास्त तळली गेली तरी बिघडत नाही. छातीचा तुकडा एवढ्या चुकीला माफ करत नाही. दोघांसाठी दोन मांड्या, एक तंगडी, एक विंग पुरे होतं. सोबत दात नीट नसलेले आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी बोनलेस पट्ट्या वेगळ्या मागवा. तुमच्या तुकड्याची छाटणी करून त्यांना देऊ नका, आवरण तिथेच सुटतं.

वेळही निवडून जा. दुपारी साडेबारा ते दीड, रात्री साडेसात ते नऊ. किनाऱ्यावर, कळंगुट-बागाच्या बाजूला, पर्यटकांच्या मोसमात गर्दी रोजच असते. आत, डिचोली-फोंड्याकडे, सोमवार-गुरुवार पाळणारी घरं बरीच, श्रावणात तर विचारूच नका; अशा दिवशी कमी खपाच्या हॉटेलात मुरवलेले तुकडे आणि तेल दोन्ही पडून राहतात. तिथे बुधवारी किंवा रविवारी गेलेलं बरं.

प्लेट आली की लगेच तोंड लावू नका. तीन-चार मिनिटं थांबा, आतला रस स्थिरावतो आणि टाळू भाजत नाही. मग हाताने खा. काटा-सुरीने आवरण फुटतं आणि मांसापासून वेगळं होतं. पहिला घास सॉस, केचप काहीही न लावता, मांडीच्या जाड बाजूचा. त्या एका घासात बरंच कळतं.

आवरण कातडीसकट तोंडात आलं पाहिजे. ते सालपटासारखं अख्खं निघालं, तर तुकडा ओला असताना पीठ लावलं किंवा जाळीवर ठेवलंच नाही. आवरणाखाली करडा, चिकट, कच्च्या पिठाचा थर दिसला तर पीठ जाड बसलं आणि तेल थंड होतं. बोटं तेलाने माखली तरी कारण तेच, किंवा कढईत गर्दी. आवरण खारट आणि मांस अळणी असेल तर मुरवणीत मीठ नव्हतं किंवा तास-दोन तासच मुरवलं. हे सगळ्यात जास्त ठिकाणी आढळतं आणि वरून कितीही मसाला भुरभुरला तरी झाकलं जात नाही. कडवटपणा, काळपट ठिपके, जिभेवर मागे राहणारी खवट चव, हे जुन्या तेलाचं लक्षण. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र गिऱ्हाइकाकडे नसतं, पण नाक असतं. दारातच जुनाट तेलाचा वास आला तर मागे फिरायला संकोच करू नका.

हाडाजवळ गुलाबी दिसलं तर लगेच कच्चं ठरवू नका. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते, तिची हाडं कोवळी असतात, आणि शिजताना मज्जेतला रंग झिरपून बाजूचं मांस लालसर करतो. फ्रोझन कोंबडीत तर हाडं काळपटही दिसतात. बघायचं ते हे: मांस अपारदर्शक आहे का, हाडापासून सुटतं का. जेलीसारखं, चकचकीत, हाडाला घट्ट धरून बसलेलं असेल तर ते कच्चं. प्लेट परत करा आणि त्याच तुकड्याला पुन्हा बुडवून आणू नका, नवीन द्या, असं शांतपणे सांगा.

नॅशव्हिल हॉट चिकन हा वेगळा प्रकार. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये प्रिन्स कुटुंबाने तो प्रसिद्ध केला. बाहेरख्याली थॉर्नटन प्रिन्सला धडा शिकवायला त्याच्या मैत्रिणीने चिकनवर मुद्दाम मिरची ओतली आणि ते त्याला आवडलं, अशी आख्यायिका सांगतात. तळून झाल्यावर केयेन मिरची, थोडी साखर, मीठ आणि तळणाचंच गरम तेल किंवा चरबी एकत्र करून तुकड्यावर फासतात. खाली साधा पांढरा ब्रेड, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. ब्रेड टाकून देऊ नका, खाली झिरपलेलं तिखट तेल त्यातच असतं. रेशाद, म्हणजे लाल मिरची-व्हिनेगरचा मसाला, खाणाऱ्या गोंयकाराने इथे रंगावरून अंदाज बांधू नये. रेशादचा लालपणा काश्मिरीसारख्या कमी तिखट मिरचीचा असतो आणि व्हिनेगर त्याचा जोर आवरतो. केयेन काश्मिरीपेक्षा कितीतरी पट जहाल, आणि ती तेलात असल्याने जिभेला चिकटून राहते. पहिल्यांदा "मीडियम" घ्या. तोंड भाजलं तर पाण्याचा उपयोग नाही. दही, दूध किंवा सोबतचं रँच सॉस घ्या.

बाजूच्या पदार्थांत कोलस्लॉ हवाच. कोबी-गाजराचं ते आंबट-गोड, थंडगार मिश्रण तळणाचा जडपणा उतरवतं. अंगचं पाणी सुटून वाटीत तळं झालं असेल तर ते सकाळचं आहे. बिस्किट म्हणजे लोण्याचा, थरांचा, गरम गोल पाव. हाताने मधोमध उघडायचा, मध लावायचा. बिस्किट संपलं असेल आणि हॉटेलात गरम पोई मिळत असेल, तर ग्रेव्हीला ती उत्तम साथ देते. मॅक अँड चीज, म्हणजे चीजमधली मॅकरोनी, चविष्ट असतं, पण तळलेल्या चिकनसोबत दोघांत एकच मागवा. पेय म्हणून गोड आइस टी तिकडची रीत. आपल्याकडे लिंबू-सोडा त्याहून बरा जमतो.

जे चिकन खातात पण डुक्कर किंवा गोमांस खात नाहीत, त्यांनी विचारून घ्यावं. दक्षिणेकडच्या पद्धतीत पालेभाजी आणि बीन्स बेकन किंवा हॅम घालून शिजवतात, ग्रेव्हीतही कधी बेकनची चरबी असते, आणि हॉट चिकनच्या तेलात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकतं. गोव्यात डुकराचं मांस सहज मिळतं, त्यामुळे ही शक्यता खरीच आहे. श्रावण पाळणारं किंवा शाकाहारी कुणी सोबत असेल तर फ्रेंच फ्राइज त्याच तेलात तळतात का, हेही विचारा. बहुतेकदा तळतात.

पार्सलचं काय? जून ते सप्टेंबर शक्यतो नको. बंद प्लास्टिकच्या डब्यात गरम तुकड्याची वाफ कोंडते, बाहेरची हवाही दमट, आणि पणजीहून पर्वरीपर्यंत पोचेतो आवरण ओलं होतं. न्यायचंच असेल तर कागदी खोका मागा, झाकण थोडं उघडं ठेवा, तुकडे एकावर एक रचू नका, सॉस आणि कोलस्लॉ वेगळ्या पिशवीत. घरी मायक्रोवेव्ह नको. ओव्हन 180 अंशांवर आधी तापवून जाळीवर 12 ते 15 मिनिटं, किंवा एअर फ्रायरमध्ये 175 अंशांवर सात-आठ मिनिटं, मध्येच एकदा उलटून. फ्रिजमधून काढलेले तुकडे असतील तर आधी वीस मिनिटं बाहेर ठेवा, आणि ओव्हनमधला वेळ तीन-चार मिनिटांनी वाढवा.